दादाने नापास केलेली गाडी

घरातली गाडी बंद पडली की घरातल्या प्रत्येकाला अचानक गाड्यांमधलं सगळं कळायला लागतं, हा अनुभव तुम्हालाही असेल. दादाच्या घरी तेच झालं. कित्येक वर्षं इमानेइतबारे राबलेली त्यांची छोटी गाडी एका सकाळी भर चौकात बसली ती बसलीच. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं, मान हलवली आणि बॉनेट पुन्हा लावून टाकलं. झालं! त्या दिवसापासून जेवताना पानात काय पडलंय याकडे कुणाचं लक्ष नसे, इतकी गाडीची चर्चा.

थोरली मुलगी म्हणाली, उंच, दणदणीत गाडी घेऊ. आई म्हणाली, "घ्या बापडे! पण मला त्यात चढवायला एक क्रेनही घ्या." आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि व्यायामासाठी तिला सारखं दवाखान्यात न्यावं लागे. धाकटी मुलगी म्हणाली, सरळ विजेवर चालणारी घेऊ. "आणि चार्जिंगला काय करायचं? खिडकीतून खाली वायर सोडायची?" असं वहिनींनी विचारल्यावर तो विषय तिथेच मिटला. वहिनी म्हणजे दादाची बायको. शाळेत गणित शिकवायच्या, पण सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणे. शेवटी त्यांनीच हिशेब मांडला. रोजचा रस्ता सिग्नलचा, थांबत थांबत जाण्याचा, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी हायब्रिड बरी. आईला ना वर चढायला लागावं ना खाली वाकायला, मागे आजी आणि दोन्ही नाती ऐसपैस बसाव्यात, डिकीत वॉकर मावावा, म्हणजे मधल्या आकाराची सेडान. सगळ्यांना पटलं. प्रश्न एकच उरला, नवी की जुनी?

आणि तिथेच माशी शिंकली.

ती का शिंकली हे कळायला दादाची थोडी ओळख हवी. दादा गॅसच्या शेगड्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. प्रत्येक शेगडी खोक्यात जाण्याआधी शेवटची त्याच्या टेबलावर यायची. ज्योत निळी आहे ना, बटण सैल नाही ना, कुठून वास येतोय का, सगळं बघून तो शिक्का मारायचा, नाहीतर शेगडी बाजूला सारायचा. खुद्द मालकाने गयावया केली तरी त्याचा शेरा बदलत नसे. "ही कुणाच्या तरी आईसमोर पेटणार आहे," एवढंच म्हणायचा. कारखान्यातली मंडळी त्याला पाठीमागे नापासमास्तर म्हणत, आणि स्वतःच्या घरी मात्र त्यानेच पास केलेली शेगडी वापरत.

हीच रीत घरातही पडून गेली होती. खरबूज असो, पंखा असो, भाड्याचं घर असो, दादाने पास केल्याशिवाय त्या घराण्यात कुणी काही घेत नसे. एका चुलत बहिणीने तर होणारा नवरासुद्धा दाखवायला आणला होता! दादाने त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या, "पास" म्हणाला, आणि मगच तिने होकार कळवला. संसार उत्तम चाललाय तिचा.

आता धाकटा. दादाचा पाठचा भाऊ. शाळेत दादा नेहमी वरच्या नंबरात आणि धाकटा काठावर. दादाचे शर्ट, दादाची सायकल, दादाची पुस्तकं, सगळं वापरून झालं की धाकट्याकडे जायचं. पुढे धाकटा लिफ्ट दुरुस्त करायला शिकला. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग स्वतःच्या हिमतीवर, आणि बघता बघता शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे आल्या. मोठं घर झालं. चंदेरी हायब्रिड सेडान आली. आणि परवा परवा तिच्या जागी नवी कोरी, गडद निळी.

दादाच्या पोटात दुखू लागलं ते त्या चंदेरी गाडीपासून. धाकटा आईला दवाखान्यात न्यायला यायचा तेव्हा ती गाडी फाटकातून आवाज न करता आत यायची. तो नसलेला आवाज दादाला हॉर्नपेक्षा मोठा ऐकू यायचा. आई परत आली की म्हणायची, "धाकट्याच्या गाडीत कंबर कशी ती दुखत नाही हो." मुली म्हणायच्या, "काकाच्या गाडीत ना..." काकाची गाडी, काकाची गाडी! आपण एवढे हुशार, एवढे सरळ, सगळं गाव आपल्याला विचारून खरेदी करतं, आणि गाडी कुणाकडे? काठावर पास होणाऱ्याकडे! एकदा त्या गाडीच्या दारावर बारीकसा ओरखडा दिसला, तर दादाला दिवसभर बरं वाटत राहिलं. मग आपल्याला बरं का वाटलं याची लाज वाटली. पण ओरखडा बघायला तो दुसऱ्या दिवशीही खिडकीत गेला.

नवी निळी गाडी आल्यावर धाकटा आनंदाने सांगायला आला. "दादा, चंदेरी बाहेर विकत नाही मी. तुमच्या घरासाठीच ठेवलीय. तुम्हाला हवी तशीच आहे, आईलाही सवय आहे तिची. तू आठवडाभर चालव, कुठे तपासायची तिथे तपास. तू पास केलीस तरच द्यायची. नाहीतर माझं काय, मला थोडंच कळतं?"

बिचारा मनापासून बोलत होता. पण दादाच्या कानात काय शिरलं? धाकटा नवी घेणार आणि थोरल्याला आपली उतरलेली देणार! अंगाचा नुसता तिळपापड झाला. वरवर हसून त्याने किल्ली घेतली, आणि मनात म्हणाला, बघतोच हिच्यात काय खोट आहे ते.

खोट सापडेना! आठवडाभर चालवली. चढावर पळाली, गर्दीत गप्प राहिली, ब्रेक जागच्या जागी. शेवटी दादाने ती हायब्रिड गाड्या तपासणाऱ्या एका गॅरेजात नेली. मेकॅनिकने यंत्र जोडून बॅटरीचा एकेक भाग बघितला, मागच्या सीटजवळची जाळी काढून बघितली. या जाळीतून बॅटरीला गार हवा मिळते, आणि धुळीने ती चोंदली की बॅटरीची वाट लागते.

"डोळे झाकून घ्या साहेब," तो म्हणाला. "बॅटरी ठणठणीत. मालकाने जाळीसुद्धा साफ ठेवलीय, एवढं कुणी करत नाही."

"पुन्हा बघ जरा."

त्याने पुन्हा बघितलं. तेच.

"कुठे ठोकलेली वगैरे? पाण्यात उभी राहिलेली?"

"नाही हो." मेकॅनिक हसला. "साहेब, तुम्हाला गाडी घ्यायचीय की नको म्हणायला कारण हवंय?"

दादा हसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा वस्तू चांगली निघाली म्हणून तो खट्टू झाला होता.

संध्याकाळी सगळे वाट बघत बसले होते. धाकटाही आला होता. दादाने चपला काढल्या, किल्ली टेबलावर ठेवली आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "बॅटरी गेलीय. नापास." आणि हात धुवायला आत निघून गेला.

दादाने नळ जरा जास्तच वेळ सोडून ठेवला. बाहेर आला तेव्हा धाकट्याचा चेहरा उतरला होता. "बरं झालं तू बघितलीस," तो हळूच म्हणाला. "मी काय तुझ्या गळ्यात बांधायला निघालो होतो!" किल्ली घेऊन तो गेला. फाटकापर्यंत गाडी इतकी हळू नेली, जणू आत आजारी माणूस आहे.

त्या आठवड्यात आईला न्यायला तो चंदेरी गाडी घेऊन आला नाही, कारण ती रस्त्यात बंद पडली तर? निळी गाडी त्याच्या कामावर अडकलेली. आई भाड्याच्या गाडीतून गेली आणि कंबर धरून परत आली. दादाने तिला हात देऊन खुर्चीत बसवलं. तिने विव्हळत विचारलं, "बॅटरी बदलून मिळत नाही का रे?" दादा म्हणाला, "बघू." दुसरं काय म्हणणार?

दरम्यान तो शोरूममध्ये जाऊन आला होता. नवी सेडान, धाकट्याच्या निळीपेक्षा एक पायरी वरची! खरं सांगायचं तर दादाला तिच्यातलं काहीच तपासावंसं वाटलं नाही. निळीपेक्षा वरची ना, मग पास. रविवारी दुपारी बुकिंगला जायचं ठरलं. हप्ते किती वर्षं चालतील हे ऐकून वहिनी नुसत्या पाणी प्यायल्या.

रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी विषय काढला. दादा चिमटे देत होता.

"एक विचारू? शेगडी नापास झाली की तुम्ही मला काय काय सांगता! कुठली चकती, कुठला स्क्रू, तो कुणी बसवला, त्याच्या घरी काय चाललंय इथपर्यंत. आणि भावजींची एवढी मोठी गाडी नापास झाली, तर दोनच शब्द?"

"बॅटरी गेली म्हणजे गेली. त्यात पुराण काय सांगायचं?" दादा फिस्कारला.

"मी गॅरेजात जाऊन विचारू शकते. जाणार नाही. तुमचं तुम्ही बघा." वहिनींनी चादर झटकली. "पण माझ्या वर्गातला एक नमुना सांगते. दुसरा येणारा. एवढे सुरेख मार्क मिळतात तरी दरवेळी रडतो. म्हटलं, पेपर अवघड होता का? नाही. मार्क कमी पडले का? नाही. मग? तर म्हणे शेजारच्याला एक जास्त आहे! म्हणजे बघा, याला स्वतःचे वाढवून नकोतच. शेजारच्याचे कमी करून हवेत. असल्याला मी कुठलं गणित शिकवू?"

दादाच्या हातातला चिमटा खाली पडला.

"जुनी गाडी नको वाटली तर नको म्हणा ना! आपली मर्जी, त्यात पाप नाही. पण जुनं म्हणजे कमीपणा हे कुणी सांगितलं? शोरूमच्या दाराबाहेर आली की नवीही जुनीच. आणि वापरलेलं घेण्यात कमीपणा असेल, तर भावजी तुमचे शर्ट घालून वाढले. त्यांना काय वाटत असेल, कधी विचारलंत?"

"मला शिकवू नकोस!" दादा ओरडला आणि जिना उतरून गेला. राग आला होता खरा. पण ज्याला खरोखर खोटा आरोप झाल्याचा राग येतो, तो म्हणतो, जा, गॅरेजात जाऊन विचार. ते मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

तो खाली पोचतो न पोचतो तोच फाटकातून निळी गाडी आत आली. आवाज न करता. धाकटा उतरला, त्याची बायको उतरली. धाकट्याने सगळ्यांना खाली बोलावलं, आईलासुद्धा, आणि दादाच्या हातात किल्ली ठेवली.

"ही तुझी."

"काय?"

"ही घे. नवी. गाडी घेऊन काही दिवसच झालेत, तुझ्या नावावर करून देतो. मी बायकोशी बोललोय. चंदेरी मी ठेवतो, बॅटरी बदलून वापरतो. नाही म्हणू नकोस दादा. थोरल्या भावाला खराब गाडी द्यायला निघालो होतो मी, झोप लागत नाही त्या विचाराने. आणि आईला तरी चांगल्या गाडीतून जाऊ दे."

मंडळी, माणसाचं मन काय चीज आहे बघा! पहिल्या क्षणी दादाला काय वाटलं असेल? आनंद! शुद्ध आनंद! ज्या गाडीकडे बघून तो जळत होता तीच गाडी, किल्लीसकट, त्याच्या मुठीत. तो चक्क दार उघडून आत बसला. नव्या सीटचा वास आला. शेजारच्या काकांनी बाल्कनीतून विचारलं, "काय दादा, नवी गाडी? अभिनंदन!" आणि दादाने हात वर केला. केला त्याने हात वर!

तेवढ्यात धाकट्याची बायको खिडकीशी आली. तिचे डोळे भरले होते. "दादा, लेकराला घेऊन मी रोज त्याच गाडीतून जायचे हो. तुम्ही तपासली नसती तर एखाद्या दिवशी भर रस्त्यात काय झालं असतं? तुमचे उपकार कसे फेडू?" आणि तिने हात जोडले.

तिने शिवी दिली असती तर दादाने पचवली असती. वहिनींचा टोमणाही त्याने पचवलाच होता. पण त्या खोट्याबद्दल कुणी हात जोडावेत! निळ्या ज्योतीशिवाय शेगडी न सोडणारा माणूस तो. नव्या गाडीत त्याला बसवेना. तो खाली उतरला. आई बघत होती, मुली बघत होत्या, शेजारचे काका अजून बाल्कनीतच होते.

"गाडी पास आहे!"

"कुठली?" धाकट्याने विचारलं.

"तुझी. चंदेरी. बॅटरी ठणठणीत आहे. मेकॅनिकने दोनदा बघितली. मी खोटं बोललो!"

"पण... का?"

"जळलो रे!" दादा म्हणाला. "तुझ्यावर जळलो. तुझी उतरलेली गाडी मला मिळतेय हे सहन झालं नाही. काही सापडेना, म्हणून बनवून सांगितलं."

आईने डोळ्याला पदर लावला. धाकटा चिडेल, ओरडेल असं दादाला वाटलं. तेच त्याला हवंही होतं.

"तुला नको होती, तर नको म्हणायचं," धाकटा म्हणाला. "मी काय जबरदस्ती करत होतो? लहानपणापासून मला काही कळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून प्रत्येक गोष्ट तुला विचारतो. घर तुला विचारून घेतलं. धंदा तुला विचारून सुरू केला. तू हो म्हणालास की मी दुसरीकडे बघत नाही. आता मी कुणाला विचारू?"

त्याने दादाच्या हातातून किल्ली घेतली, बायकोला गाडीत बसवलं आणि गेला.

शोरूमच्या बुकिंगला कुणी गेलं नाही. पुढे बरेच दिवस धाकटा आईला न्यायला यायचा, आईशी बोलायचा, वहिनींशी बोलायचा आणि दादाकडे बघून नुसती मान हलवायचा. धाकट्याने घरात नवा फ्रिज घेतल्याचं दादाला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. हे मात्र दादाला गाडीपेक्षा जास्त झोंबलं, आणि या वेळी दोष कुणाला द्यायचा हेही ठाऊक होतं.

शेवटी तो स्वतःच धाकट्याच्या दारात उभा राहिला. "चल," म्हणाला. "चंदेरी काढ. गॅरेजात जाऊ. माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस, तू स्वतः त्याच्याकडून ऐक." दोघे गेले. मेकॅनिकने पुन्हा यंत्र जोडलं, पुन्हा तेच सांगितलं. धाकटा ऐकत होता. परतताना रस्त्याच्या कडेला दादाने गाडी थांबवायला लावली.

"छोट्या, देशील का मला तुझी ही जुनी गाडी?"

हा एक प्रश्न विचारायला दादाला किती जड गेलं असेल, ते ज्यांना भाऊ आहे त्यांनाच कळेल. धाकट्याने इंजिन बंद केलं.

"देतो," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच ठेवलीय, बाहेर दाखवलीसुद्धा नाही. पण दादा, पुन्हा जळलास तर सरळ तोंडावर सांग. भांड माझ्याशी. दोन शिव्या दे. पण खोटा शेरा मारू नकोस."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर सगळ्यांनी गराडा घातला. "क्या बात है! नवी घेतली का?"

"नाही," दादा म्हणाला. "भावाची जुनी आहे. त्याच्याकडे नवी आहे, हिच्याहून भारी." बोलताना अजून थोडं चरचरलं. खोटं कशाला सांगू? पण बोलला, मोठ्याने बोलला, आणि मग कामाला लागला.

तर मंडळी, गाडी नवी घ्यायची की जुनी, हे ज्याने त्याने आपला रस्ता, आपली माणसं आणि आपली ऐपत बघून ठरवावं. भावाकडे काय आहे, शेजाऱ्याने काय घेतलं, हे बघून ठरवू नये. मत्सर तुम्हा-आम्हा कुणालाच चुकलेला नाही. जवळच्या माणसाचं बरं झालं की पोटात दुखतं, दुखू द्या, त्याने कुणी मरत नाही. पण ते दुखणं आपल्या तोंडून खोटं होऊन बाहेर पडलं, की आपल्यावर डोळे मिटून विसंबणारी माणसं तेही खरंच मानतात, वर हात जोडून आभार मानतात. आज धाकट्याने गाडी दिली, घरी येणंजाणं सुरू झालं, आई पुन्हा आरामात दवाखान्यात जाते. पण परवा त्याने आपल्या मुलीसाठी सायकल घेतली, आणि दादाला दाखवण्याआधी दुकानात दुसऱ्या एका माणसाकडून तपासून घेतली. दादाने ते ऐकलं, आणि मुलीला सायकलवर बसवून मागून सीट धरली.